चौऱ्याहत्तराव्या पानावरची पट्टी

रहीमभाऊ, तुम्ही गेल्याला आज अठरा दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत. सहा वर्षं आपण भांडलो ते काय लोकांना विचारून भांडलो का?

नसीमचा फोन आला तेव्हा मी कुंडीतल्या तुळशीला पाणी घालत होते. ती एवढंच म्हणाली, "बाई, अब्बा गेले." मी "कुठे?" असं विचारलं. तुमची लेक रडता रडता थांबली आणि मला समजावून सांगायला लागली. बाप गेलेल्या पोरीला माझी समजूत घालावी लागली, ही लाज अजून गेलेली नाही. बल्लारपूरला आले तोवर तुम्हाला नेलेलं होतं. भाभींजवळ तासभर बसले. दुकानाची फळी अर्धी उघडी होती आणि आतून खळीचा वास येत होता. मैद्याच्या खळीत मोरचूद टाकला की किडे लागत नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं होतं. जे सांगायला आले होते ते भाभींना सांगता येईना. ते तुम्हालाच सांगायचं होतं.

आधी मला कबूल करू द्या की पहिल्या वर्षी तुम्हाला पाहून मी नाक मुरडलं होतं. वाचनालयाच्या समितीनं कुमार कादंबरीचा पुरस्कार सुरू केला. तीन परीक्षक नेमले. नागपूरचे एक प्राध्यापक, एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेली मी, आणि "वाचक परीक्षक" म्हणून वाचनालयाची पुस्तकं शिवणारे तुम्ही. मी सचिवांना बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा, "अहो, बाइंडर?" ते म्हणाले, "बाई, आपल्या वाचनालयातली निम्मी पुस्तकं त्यानं वाचून मगच शिवली आहेत." मला ते खरं वाटलं नाही.

पहिल्या बैठकीला मी प्रत्येक पुस्तकावर चार पानी टिपण घेऊन आले. तुम्ही कापडी थैली घेऊन आलात. थैलीतून पुस्तकं काढून टेबलावर मांडलीत, तर प्रत्येकातून रंगीत कागदाच्या पट्ट्या बाहेर आलेल्या. कटिंग मशीनखाली पडणारी कात्रणं. जिवती तालुक्यातल्या एका आश्रमशाळेची रजिस्टरं तुम्ही बांधून देत होतात. तिथल्या अकरा मुलींना तुम्ही पुस्तकं वाचायला दिलीत आणि सांगितलंत की जिथपर्यंत वाचलं तिथं आपल्या नावाची पट्टी ठेवा. पूर्ण वाचलं तर पट्टीवर एक ओळ लिहा.

"मुली काय, काहीही सांगतील," मी म्हटलं.

"पोरी खोटं बोलतीन, बाई. भाऊले वाईट वाटू नये म्हणून 'लय छान होतं' म्हणतीन. पुस्तक नाई बोलत खोटं." आणि तुम्ही एक पुस्तक माझ्या हातात दिलंत. कडेवरून अंगठा फिरवायला लावलंत. कटिंग झालं की पानांच्या कडा एकमेकींना धरून राहतात, एकदा कोणी उघडलं की सुटतात. त्या पुस्तकाची पहिली नऊ पानं मोकळी होती. दहाव्यापासून पुढची सगळी तशीच धरून बसलेली. अकरा मुलींपैकी एकीनंही दहावं पान उलटलं नव्हतं. त्या पुस्तकाला मी पन्नासपैकी एकेचाळीस गुण दिले होते. संस्कारक्षम, असं लिहिलं होतं.

मी चिडले. म्हटलं, मुलींना शेव-चिवडाही आवडतो, म्हणून काय चिवड्याला पुरस्कार द्यायचा? तुम्ही शांतपणे म्हणालात, "चिवड्यात काय वाईट आहे पण?" प्राध्यापक हसले. मग मी उठून सांगितलं की आपण निदान एक नियम करू, परीक्षकानं प्रत्येक पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंच पाहिजे. तो नियम इतिवृत्तात माझ्या अक्षरात आहे. परवा मी वाचनालयात जाऊन तो पाहून आले. अक्षर चांगलं आहे.

पहिल्या वर्षी मुलींसाठी वेगळ्या प्रती मिळाल्या होत्या, पुढे प्रकाशक दोनच पाठवत. एक नागपूरला जाई, दुसऱ्या प्रतीवर आपलं दोघांचं आणि मग मुलींचं भागायचं. मी भराभर वाचते म्हणून आधी माझ्याकडे. मग शनिवारी बसनं बल्लारपूर, तुमचं दुकान, पुठ्ठ्यांच्या गठ्ठ्यावर माझी जागा, आणि भाभींचा आलं घातलेला चहा. सहा वर्षांत त्या शनिवारांची मला सवय लागली. हे या अठरा दिवसांत कळलं, आधी कळलं नव्हतं. तुम्ही माझी टर उडवायचात. मी समासात पेन्सिलीनं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करते म्हणून विचारायचात, "बाई, तुमी मार्क लेखकाले देऊन राह्यले का छापणाऱ्याले?" मीही सोडत नव्हते. कादंबरीतलं कुत्रं मेलं म्हणून साठीचा माणूस दाभण हातात धरून रडतो, हे मी साऱ्या समितीला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "कुत्रं नव्हतं ते. लांडग्याचं पिल्लू होतं."

आता ते शेवटचं वर्ष.

रंजनाचं पुस्तक आलं तेव्हा त्याच्यावर प्रकाशकाचं नावसुद्धा नव्हतं. पोंभुर्ण्याकडच्या गावची पोर, चोवीस वर्षांची, तासिकेवर शाळेत शिकवते, स्वतःच छापून घेतलेलं. पातळ कागद, भरमसाट चुका. 'मधली' असं नाव. आश्रमशाळेतली सोमी नावाची मुलगी आजारी आईला दवाखान्यात घेऊन जाते. आईला फक्त गोंडी येतं, डॉक्टरला फक्त मराठी. सोमी मध्ये उभी. डॉक्टर सांगतात, चंद्रपूरला नेऊन ऑपरेशन करावं लागेल. सोमी आईला सांगते, गोळ्यांनी बरं होईल. आई चंद्रपूरला गेली तर धाकट्या भावंडांसाठी हिला शाळा सोडावी लागणार, म्हणून.

इथपर्यंत मी वाचलं. चौऱ्याहत्तर पानं. पुस्तक एकशे अडुसष्ट पानांचं.

डोळ्यांवर ढकलता आलं असतं. मोतीबिंदू होताच. पण डोळे नव्हते कारण, रहीमभाऊ. मला पुढचं माहीत आहे असं मला वाटलं. आजारपण, गरिबी, वसतिगृह. अशी वीसेक पुस्तकं माझ्या हाताखालून गेली होती. आई मरणार, पोर पश्चात्ताप करणार, मोठी होऊन नर्स होणार. मी पुस्तक मिटलं आणि टिपणात लिहिलं, "सुरुवात बरी. शेवट अपेक्षित आणि फसलेला." अठ्ठावीस गुण. हात जरासुद्धा अडखळला नाही.

त्या शनिवारी मी तुम्हाला थैली दिली. चहा पिता पिता ऐटीत म्हटलं, "ते 'मधली' काही खरं नाही, शेवट फसलाय." तुम्ही सवयीनं पुस्तक उचललंत, कडेवरून अंगठा फिरवलात. अंगठा मध्येच अडला. मग विचारलंत, "चहात साखर कमी झाली का, बाई?" मी म्हटलं, नाही, बरोबर आहे.

तो प्रश्न मला तेव्हा नुसता प्रश्नच वाटला.

बैठकीत तुम्ही 'मधली' सगळ्यात वर ठेवलंत. अकराच्या अकरा पट्ट्या शेवटच्या पानावर. मी म्हटलं, मुलींना आवडणं वेगळं आणि कादंबरी म्हणून उभं राहणं वेगळं, हिचा शेवटच उभा राहत नाही. प्राध्यापकांचे 'मधली' आणि आणखी एका पुस्तकाला सारखेच गुण होते, म्हणजे सगळं माझ्यावर आलं. तेव्हा तुम्ही म्हणालात, "बाई, शेवट एकदा अजून पाहून घ्या न. दहा मिनिटं लागन. आमी थांबतो." तुमचा हात सदऱ्याच्या खिशात होता.

मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असणार. पण मला एकदा ते लिहायलाच हवं. "रहीमभाऊ, पुस्तक मी वाचलंय. बांधणं तुमचं काम, ते तुम्ही करा. शेवटाचं आम्हाला कळतं." सगळ्यांसमोर. चहा देणारा माणूससुद्धा थबकला. तुम्ही खिशातून हात बाहेर काढलात, रिकामा. हसलात. सही केलीत. पुरस्कार दुसऱ्या पुस्तकाला गेला, त्याचं नाव आज मला पटकन आठवतसुद्धा नाही.

त्यानंतर मी बल्लारपूरला आले नाही. डोळ्याचं ऑपरेशन आहे, म्हणून कळवलं. ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, दिसायला लागलं, तरी आले नाही. तुमचे दोन फोन आले. एकदा तुम्ही म्हणालात, "काऊन बाई, शनिवार इसरले का?" मी म्हटलं, येते, येते. चार महिने मी येते येते करत राहिले. खोटं सांगितल्याची लाज होती, पण तेवढंच नव्हतं. मी तुमच्यासमोर बसले असते तर तुम्ही विचारलं नसतंत, आणि तुमचं ते न विचारणं मला सहन झालं नसतं. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, हे मला ठाऊक नव्हतं. पण आत कुठेतरी धाकधूक होतीच.

तुम्ही गेल्यावर अकराव्या दिवशी नसीम आली. स्कूटीवरून, उन्हाची. तुमची कापडी थैली घेऊन. थैलीत एकच पुस्तक. निळ्या कापडाची बांधणी, जाड पुठ्ठा, पाठीवर तुमच्या हातची अक्षरं, 'मधली'. पानांच्या कडा मात्र कापल्या नव्हत्या. एरवी तुम्ही मशीनवर घातल्याशिवाय पुस्तक सोडत नव्हतात. इथे अकरा मुलींच्या बोटांचे डाग तसेच ठेवले होते.

"अब्बा महिनाभर हेच घेऊन बसले होते," नसीम म्हणाली. "रंजनाताई दुकानात आल्या होत्या न, त्या दिवसापासून. म्हणे, या शनिवारी बाईकडे मीच जाऊन येतो. मंग छातीत दुखाले लागलं. दवाखान्यात मले म्हणाले, ते निळं पुस्तक बाईले दे. बाईचं थोडंसं वाचाचं राह्यलं आहे."

मी तिच्यासमोर पुस्तक उघडलं नाही. ती गेल्यावर उघडलं. शेवटच्या पानावर अकरा पट्ट्या, गुलाबी, पिवळ्या, हिरव्या. आणि चौऱ्याहत्तराव्या पानावर एक पांढरी. तिच्यावर तुमच्या वाकड्या अक्षरात एकच शब्द, "बाई". पट्टीला मधोमध घडी होती. खिशात ठेवलेल्या कागदाला असते तशी.

म्हणजे ती तिथेच होती. बैठकीत, तुमच्या खिशात, हाताखाली. तेवढी काढून टेबलावर ठेवली असतीत तर वाद तिथंच संपला असता. माझाच नियम, माझंच अक्षर, आणि माझीच पट्टी. मी भर दुपारी घराचं दार लावून घेतलं आणि मोठ्यानं रडले. शेजारच्या वहिनी विचारायला आल्या तर सांगितलं, डोळ्यात औषध घातलंय.

मग उरलेली चौऱ्याण्णव पानं वाचली. एका बैठकीत, पेन्सिल न घेता.

आई मरत नाही, रहीमभाऊ. शेवटी, वर्षभरानं, दोघी अंगणात मोहाची फुलं निवडत बसलेल्या असतात आणि सोमी सगळं सांगून टाकते. डॉक्टर काय म्हणाले होते आणि मी काय सांगितलं. आईचे हात थांबत नाहीत. फुलं निवडता निवडता ती म्हणते, "थैली धुऊन ठेवली आहे." बस्स. संपलं पुस्तक. थैली चंद्रपूरला जायला धुतली की मोह वेचायला, तिला आधीपासून कळलं होतं की नव्हतं, लेखिका काही सांगत नाही. मुलींनी पट्ट्यांवर भांडण मांडलं आहे. "मायले मालूम होतं." "नाई, थैली मोहासाठी धुतली." एकीनं लिहिलंय, "मी घरी गेली तर मायले विचारीन." एकतीस वर्षं मी मुलांना शेवट म्हणजे काय ते शिकवलं. एवढा चांगला शेवट मी तेव्हा वाचला असता तर उभ्या उभ्या पन्नास दिले असते.

वाचून झाल्यावर नसीमला फोन केला आणि विचारलं, रंजना दुकानात कशाला आली होती? तेव्हा खरं काय ते कळलं. समितीनं माझा शेरा जसाच्या तसा तिला पत्रातून पाठवला होता. तिनं तो मनावर घेतला. दुसऱ्या आवृत्तीसाठी तिनं शेवट बदलून लिहिला, आणि ती नवी पानं शिवायला तुमच्याकडे घेऊन आली होती. नव्या शेवटात आई मरते. सोमी नर्स होते.

मी न वाचता जो शेवट मनात लिहिला होता, तोच माझ्या एका ओळीनं त्या पोरीकडून लिहून घेतला.

समितीला मी पत्र दिलं. पुस्तक पूर्ण न वाचता गुण दिले, ते रद्द धरावेत, आणि परीक्षक म्हणून माझं नाव काढावं. सचिव म्हणाले, "बाई, कायले उकरून काढता? निकाल लागून गेला, हार घालून झाले." मी म्हटलं, इतिवृत्तात लावा. नियमाच्या खालीच लावा.

आणि काल, रविवारी, पोंभुर्ण्याला गेले. नसीमनं स्कूटीवर नेलं. रंजना अंगणात मुलांच्या वह्या तपासत होती. सडपातळ, केस घट्ट बांधलेले. मला पाहून तिनं घाईघाईनं खुर्ची आणली, पदरानं पुसली. मी बसलेच नाही, बसले असते तर बोलता आलं नसतं. म्हटलं, "रंजना, तुझ्या पुस्तकाचा शेवट फसलाय असं मी लिहिलं होतं. मी तो वाचलाच नव्हता."

तिनं अर्धी राहिलेली वही उचलून शेवटपर्यंत तपासली. एकतीस वर्षं मी वर्गात मुलांना उभं केलं. काल मला कळलं की उभं राहणं किती लांबतं.

"मंग आता वाचला का?"

"वाचला. तो बदलू नको. मी पाया पडते तुझ्या, बदलू नको."

"पंधरा वेळा लिहिला मी तो नवा," ती म्हणाली. "मले तं आवडेच ना. पण वाटे का बाई एवढ्या मोठ्या, त्याह्यले कळत असन. रहीमभाऊ म्हणाले होते, छापू नको एवढ्यात. बाईचं वाचाचं राह्यलं आहे थोडं. मले वाटलं, नव्या शेवटाचंच म्हणून राह्यले."

म्हणजे तिच्याजवळही तुम्ही माझं नाव सांभाळलंत. आजारी छातीनं पुस्तक शिवत बसलात, पण तिला बोलला नाहीत.

मी तिला विचारलं, शेवटाबद्दल तुम्ही काय म्हणाला होतात? सोमीच्या आईला ठाऊक होतं की नव्हतं? बारा पट्ट्या आहेत पुस्तकात, रहीमभाऊ. अकरा मुलींच्या आणि एक माझी. तुमची नाही.

रंजना पहिल्यांदा थोडी हसली. "ते म्हणे, मायले पह्यल्या दिवसापासून मालूम होतं. पोरीची इज्जत राहावी म्हणून ते चूप बसली. म्हणे, चांगली माय आहे."

परतताना स्कूटीवर मी नसीमच्या मागे बसून हेच घोळवत होते. आणि तिथूनच हा राग सुरू झाला, तो अजून उतरलेला नाही. तुमचे माझ्यावर उपकार आहेत. भर सभेत मी तुमचा अपमान केला आणि तुम्ही माझी अब्रू खिशात घालून घरी घेऊन गेलात. दुसऱ्या कोणी हे केलं नसतं, मी तर नक्कीच केलं नसतं. हे सगळं मान्य. पण सोमीची माय चुकली, रहीमभाऊ. ती गप्प बसली म्हणून पोर वर्षभर एकटी कुढली. तुम्ही गप्प बसलात म्हणून रंजनानं पंधरा वेळा स्वतःचं पुस्तक खोडलं, आणि मी चार महिने तुमच्या दाराशी फिरकले नाही. या वादात मी तुमचं ऐकणार नाही. तुम्ही नाहीत म्हणून तर अजिबात ऐकणार नाही.

काढायची होतीत ती पट्टी. टेबलावर सगळ्यांसमोर ठेवायची होतीत. मी लाल झाले असते, तुम्हाला वाट्टेल ते बोलले असते, तरातरा उठून घरी गेले असते. आठवडाभर फुगून बसले असते. आणि मग शनिवारी थैली घेऊन बल्लारपूरला आले असते.